बारा गुंठे आणि एक कर्ण

आमच्या घरात बारा गुंठ्यांचं एक भांडण पिढीजात होतं. वावर अमळनेर तालुक्यातलं, शिवरस्त्याला लागून, मागच्या अंगाला नाला. सातबाऱ्यावर ३ हेक्टर २५ आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर), जुन्या भाषेत ८ एकर १ गुंठा. आणि आजोबांपासून सगळ्यांचं म्हणणं एकच, की वावर भरतं ८ एकर १३ गुंठे, मधले बारा गुंठे गटवारीच्या वेळी, म्हणजे जमिनींचे गट पाडून नवे नंबर दिले तेव्हा, कुणीतरी कागदावर खाल्ले. कुणी, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून. कधी त्या वेळचा मोजणीदार, कधी उत्तरेचा शेजारी.

वडील गेल्यावर त्यांच्या हिश्शाला आई आणि मी लागलो. काका दोन: नाना थोरले, बापू धाकटे, मध्ये आम्ही मायलेकी. तिघांची फोड करायची ठरली, तेव्हा नानांनी पहिली अट घातली ती हीच: "आधी ते बारा गुंठे सापडू दे. मग वाटणी."

मी धुळ्याला शाळेत गणित शिकवते. साहजिकच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर शाळेतलं गणित आणि वावरातलं गणित यांची गाठ मी तोवर कधी घातली नव्हती. तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं हेरॉनचं सूत्र फळ्यावर लिहायचं, ३-४-५ चा त्रिकोण काढायचा आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचं, एवढंच.

नानांकडे हिशोबाचा कागद होता. आजोबांच्या हातचा नव्हे, पण त्यांच्याच रीतीने केलेला. चारही बांधांची मापं टेपने घेतलेली: रस्त्याची बाजू १९१.१ मीटर, नाल्याची २०३.७, उत्तरेचा बांध १३५.८, दक्षिणेचा २०६.२. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. १७१ गुणिले १९७.४, झाले ३३,७५५ चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, मीटरमध्ये १०१.१७. भागाकार केला की ३३३ गुंठे आणि वर थोडे. ८ एकर १३ गुंठे. मापं मी पुन्हा घेतली, दोन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे, पण बरोबर होती. आकडेमोडही बरोबर होती. चूक होती ती रीतीत, आणि ही रीत आमच्या भागात घरोघरी चालते. प्लॉट मोजणारे, विहिरीचा खड्डा मोजणारे, मजुरीने कपाशी निंदायला देणारे, सगळे असंच मोजतात. चौकोन काटकोनी असेल तर काही बिघडत नाही. तिरका असला की ही रीत नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणून तर तिच्याविरुद्ध कुणी तक्रार करत नाही!

नानांना हे पटवायचं कसं? अंगणात बाज होती, नवार ढिली पडलेली. तिचा एक कोपरा धरून मी ढकलला. चारही दांडे तेवढेच राहिले, बाज मात्र तिरकी झाली आणि आतली जागा कमी झाली. "नाना, चार बांधांची लांबी सांगून वावर किती ते कळत नाही. एक कर्ण लागतो." नानांनी बाज पुन्हा सरळ केली आणि म्हणाले, "वावर काय बाज शे का?"

ही गोष्ट सांगणारा मोठा माणूस खरं तर आमच्याच खानदेशाशी जोडलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला निकुंभ घराण्याने देणगी दिली, असं त्यात कोरलेलं आहे. साल साधारण १२०७. मी मुलांची सहल तिथे नेलेली आहे, शिलालेखासमोर उभं राहून फोटोही काढलेत. पण त्याच भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत काय म्हटलंय ते नानांच्या कागदामुळे नीट वाचलं. बाजू त्याच राहून चौकोनाचे कर्ण बदलू शकतात, म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याच्याहून मोठा, असा त्यांचा शेरा आहे. शिक्षक म्हणून मला हा शेरा फार आवडला. समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजांच्या निमपटांचा गुणाकार, ही नानांची रीत, तर त्याहून पाचशे वर्षं आधी ब्रह्मगुप्तांनी दिलेली आहे, ६२८ साली. पण त्यांनीही ती 'स्थूल' म्हणूनच दिली. सूक्ष्म म्हणून वेगळं सूत्र दिलं: चार बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करा, चार वजाबाक्यांचा गुणाकार करा, वर्गमूळ घ्या.

ते सूत्र मी आमच्या वावराला लावून पाहिलं. ३३,१९२ चौरस मीटर, ३२८ गुंठे. आता गंमत अशी, की या सूत्राचं उत्तर म्हणजे त्या चार बाजूंनी घेरता येणारी जास्तीत जास्त जागा. तेवढ्याच लांबीचे चार बांध कसेही वाकवा, ३२८ च्या वर जाता येत नाही. मग ३३३ आले कुठून? कुठूनच नाही. नानांचा आकडा असलेलं वावर पृथ्वीच्या पाठीवर असूच शकत नव्हतं. हा मुद्दा मला इतका जोरदार वाटला, की मी तो लगेच नानांना फोनवर सांगितला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग, "बरं. कर्ण मोज मग."

कर्ण मोजायला पऱ्हाटी उपटून रान वखरलेलं असावं लागतं. एप्रिलमध्ये ते जमलं. वायव्येच्या कोपऱ्यापासून आग्नेयेच्या कोपऱ्यापर्यंत, तीस मीटरच्या टेपने. टेप जागोजागी उचलून पुढे न्यायचा तर रेषा सरळ राहायला हवी, म्हणून मध्ये काठ्या रोवल्या, एकीमागे एक दिसेनाशा होईपर्यंत बापूंचा मुलगा त्या हलवत राहिला. ऊन चढायच्या आत काम उरकलं. कर्ण आला २८१.१ मीटर.

आता दोन त्रिकोण. पहिला १९१.१, २०६.२, २८१.१ असा. हेरॉनने १९,७०२ चौरस मीटर. दुसरा १३५.८, २०३.७, २८१.१, त्याचे १२,९८३. बेरीज ३२,६८५, म्हणजे ३२३ गुंठे. बारातले दहा गुंठे तिथेच विरघळले. बापूंच्या मुलाने विचारलं, कर्ण वेगळा आला असता तर? मी तिथेच मोबाईलवर काढून दाखवलं: कर्ण ३०० मीटर असता तर याच चार बांधांत साडेतीनशे सात गुंठे भरले असते, आणि ३२० असता तर पावणेदोनशे चौऱ्याहत्तर. तो हसायला लागला, कारण आकडे मी घाईत बोलले होते. साडेतीनशे सात असा आकडा नसतो, ते तीनशे साडेसात. आणि दुसरा दोनशे साडेत्र्याहत्तर. मुद्दा मात्र त्याला कळला.

उरले दोन गुंठे. त्यासाठी जुनं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीची मापं लिहिलेला कच्चा आराखडा, लागलं.

टिपणाची नक्कल भूमी अभिलेखच्या कार्यालयातून मिळते, अर्ज आणि नकलेची फी भरून. मिळाली, पण वाचता येईना. एक उभी रेघ, तिच्यावर आकडे, दोन्ही आकड्यांच्या मध्ये आडवी रेघोटी. ७-४, १६-४, २०-८ असले आकडे. मला वाटलं फूट-इंच असतील. पारोळ्याला वडिलांचे एक स्नेही राहतात, निवृत्त भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांच्याकडे कागद नेला तर चष्मा न लावताच म्हणाले, "साखळी-आणे आहेत हे."

तेहतीस फुटांची साखळी. इंग्रजांकडची गुंटरची साखळी सहासष्ट फुटांची, ही तिच्या निम्मी. एका साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. आणि इथे त्या जुन्या लोकांच्या हुशारीला दाद द्यावी लागते. साखळी गुणिले साखळी म्हणजे सरळ गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळी गुणिले आणा म्हणजे गुंठ्याचा आणा. मोजणीदाराला वावरात झाडाखाली बसून, दशांश चिन्ह न लावता, क्षेत्र काढता यावं अशी सगळी जुळणी. मीटरमध्ये मोजून गुंठ्यात आणायला आपल्याला १०१.१७ ने भागावं लागतं. त्यांना काहीच करावं लागत नव्हतं.

आप्पांनी कपाटातून शंकू काढून दाखवला. काठीच्या टोकाला बसवायचं साधं यंत्र, चार फटी, समोरासमोरच्या दोन जोड्या एकमेकींशी काटकोनात. साखळीच्या मुख्य ओळीवर चालत जायचं, बांधाचा कोपरा फटीतून काटकोनात दिसला की थांबायचं, तिथून कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजायचा. उभ्या रेघेवर ओळीतलं अंतर, बाजूला लंबाची लांबी. संपलं. सगळं वावर अशा त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत तुटतं, आणि कोन मोजायची गरजच पडत नाही. खानदेशात ही मोजणी सुरू झाली तेव्हा लोक बिथरले होते. १८५२ साली सावदा, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध मोठा दंगा झाला. सारा वाढेल ही भीती होती. नानांचा संशय त्या मानाने सौम्यच म्हणायचा.

आमच्या टिपणातली मुख्य ओळ रस्त्याच्या कडेने होती. सुरुवातीला, म्हणजे उत्तरेच्या बांधावर, लंब १३ साखळ्या ८ आणे. आठ साखळ्या पुढे गेल्यावर नाल्यापर्यंतचा लंब १६-४. एकोणीस साखळ्यांवर, दक्षिणेच्या बांधावर, २०-८. आप्पा म्हणाले, तू कर. मी दशांशात करायला लागले तर त्यांनी पेन काढून घेतलं.

"तेरा-आठ आणि सोळा-चार किती?"

"एकोणतीस-बारा."

"निम्मे?"

चौदा साखळ्या आणि... एक साखळी उरली तिचे सोळा आणे, अधिक बारा, अठ्ठावीस, निम्मे चौदा. चौदा-चौदा. गुणिले आठ. चौदा आठे एकशे बारा, चौदा आणे आठे एकशे बारा आणे, म्हणजे सात गुंठे. एकशे एकोणीस गुंठे. दुसरा तुकडा: सोळा-चार आणि वीस-आठ, छत्तीस-बारा, निम्मे अठरा-सहा, गुणिले अकरा, दोनशे दोन गुंठे दोन आणे. एकूण ३२१ गुंठे २ आणे. ८ एकर १ गुंठा २ आणे. आर करायचे तर १.०११७ ने गुणायचं, ३२४.८९. सातबाऱ्यावर ३ हेक्टर २५ आर. अगदी जिथल्या तिथे.

म्हणजे गटवारीत कुणी काही खाल्लं नव्हतं. दशमान पद्धत आली तेव्हाही नाही. एक आर आणि एक गुंठा यांत शेकडा १.१७ चा फरक असतो, पुष्कळ लोक दोन्ही एकच धरतात आणि मग तीन-चार गुंठ्यांची चोरी शोधत बसतात. तसाही घोळ इथे नव्हता.

टेपचे ३२३ आणि टिपणाचे ३२१, हा फरक नाल्याच्या बाकाचा. मी नाल्याची बाजू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ धरली होती. प्रत्यक्षात ती मध्यावर जरा आत वळते. किती? दोनशे चार मीटर लांबीच्या बाजूत जेमतेम १ मीटर ८६ सेंटिमीटर. उभं राहून पाहिलं तर डोळ्याला कळतही नाही. पण त्या त्रिकोणाचं क्षेत्र १ गुंठा १४ आणे भरतं. सरळ दिसणाऱ्या बांधाची मला तेव्हापासून जरा धास्तीच बसली आहे.

नानांना हे सगळं मी आप्पांच्या समोरच सांगितलं, कारण माझ्यापेक्षा आप्पांच्या पांढऱ्या मिशांचं वजन जास्त. नानांनी टिपणाची नक्कल उलटीसुलटी करून पाहिली. "आमना बाप काय खोटं बोलना व्हता का?" आप्पा म्हणाले, "खोटं कशाला? त्यांनी बांध मोजले. बांध बरोबरच होते." यावर नाना काही बोलले नाहीत, चहा मागवला. आमच्या घरात याला संमती म्हणतात.

मग सरकारी मोजणीचा अर्ज. तो आता ऑनलाइन होतो. फी क्षेत्रावर आणि किती घाई आहे त्यावर ठरते. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, तारीख मिळते, भूकरमापक येतात, सह्या, जबाब. यावर लोकांनी भरपूर लिहिलेलं आहे, मी त्यात शिरत नाही. साखळी आता कुणी आणत नाही. एक काठी, वर पांढरी टोपीसारखी अँटेना, हातात टॅबसारखा कंट्रोलर. त्याला रोव्हर म्हणतात. उपग्रहांवरून जागा घेतं आणि कायम उभारलेल्या संदर्भ केंद्रांकडून मोबाईल नेटवर्कवर दुरुस्त्या मिळवतं. उघड्या रानात पडद्यावर 'फिक्स' येतं, म्हणजे एक-दोन सेंटिमीटरची खात्री. नाल्याकाठच्या बाभळींखाली गेलं की 'फ्लोट'. तिथे काठी धरून उभं राहायचं आणि वाट बघायची. आमच्या मोजणीला आलेले भूकरमापक तरुण होते, 'फ्लोट' असताना एकही बिंदू त्यांनी घेतला नाही, बाभळीच्या अलीकडे-पलीकडे सरकून 'फिक्स' मिळवलं आणि मगच पुढे गेले. बापू वैतागले. मला मात्र बरं वाटलं.

त्याआधीच बापूंच्या मुलाने त्याच्या मित्राकरवी खासगी रोव्हरने कोपरे आणि नाल्याचे सात-आठ बिंदू घेऊन ठेवले होते. त्या यादीवरून क्षेत्र काढायचा मोह मला आवरला नाही. प्रत्येक बिंदूला दोन आकडे: पूर्वेचा आणि उत्तरेचा. आमच्याकडे पूर्वेचा आकडा ५ लाख ५ हजारांच्या घरात, उत्तरेचा २३ लाख २६ हजारांच्या. रीत सोपी आहे. वावराभोवती एका दिशेने फिरायचं. प्रत्येक बिंदूचा पूर्व गुणिले पुढच्याचा उत्तर, वजा पुढच्याचा पूर्व गुणिले याचा उत्तर. सगळ्यांची बेरीज, मग निम्मी. शेवटचा बिंदू पहिल्याला जोडायला विसरायचं नाही. मुलांना हे दोन उभ्या रांगांत लिहून तिरके गुणाकार करत शिकवलं की लगेच येतं.

एकच काळजी घ्यावी लागते. पाच लाख गुणिले तेवीस लाख म्हणजे तेरा आकडी संख्या. असल्या दोन संख्यांची वजाबाकी करून त्यातून काही हजार चौरस मीटर काढायचे. साधा दहा-बारा आकडी कॅल्क्युलेटर शेवटचे आकडे सरळ टाकून देतो, आणि टाकलेले आकडे म्हणजेच आपलं वावर. म्हणून आधी सगळ्या पूर्वांतून ५ लाख ५ हजार आणि सगळ्या उत्तरांतून २३ लाख २६ हजार वजा करून घ्यायचे. वावर उचलून दुसरीकडे ठेवलं तरी क्षेत्र बदलत नाही. मग उरतात तीन-तीन आकडी संख्या, कागदावरही होतं.

उत्तर आलं ३२,४११ चौरस मीटर. टिपणाचे होतात ३२,४८९. अठ्ठ्याहत्तर चौरस मीटरची तूट, पाऊण गुंठा. बापूंच्या मुलाने लगेच शेजाऱ्याच्या बांधाकडे पाहिलं. मी म्हटलं थांब.

या यादीतले आकडे जमिनीवरचे नसतात, नकाशावरच्या चौकटीतले असतात. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना सहा-सहा अंशांचे पट्टे पाडतात. आपला पट्टा त्रेचाळिसावा, त्याची मधली रेषा ७५ अंश पूर्व रेखांश. आणि ही रेषा नेमकी आमच्या उशाशी, चाळीसगाव-अमळनेरला चाटून जाते. मधल्या रेषेला पूर्वेचा आकडा ५ लाख धरलेला असतो, आमचा ५ लाख ५ हजार म्हणजे आम्ही तिच्यापासून पाच किलोमीटरवर. त्या रेषेवर नकाशाचं अंतर मुद्दाम ०.९९९६ पट केलेलं असतं, म्हणजे पट्ट्याच्या कडेला फार वाढू नये. किलोमीटरला ४० सेंटिमीटर कमी. रेषेपासून साधारण १८० किलोमीटर दूर गेलं की नकाशा आणि जमीन सारखी होतात. पण नंदुरबारपासून रावेरपर्यंत खानदेशातलं कुठलंच वावर तेवढं दूर नाही. म्हणजे सगळ्या खानदेशात हे आकडे जसेच्या तसे वापरले तर जमीन थोडी कमीच दिसणार. क्षेत्रात हा फरक ०.९९९६ च्या वर्गाचा, शेकडा ०.०८. आमच्या वावराला २६ चौरस मीटर. गुंठ्यात चार आणे.

तेवढे मिळवले तर ३२,४३७. उरली तूट ५२ चौरस मीटर, आठ आणे. ते नाल्याच्या काठावर कुठेतरी ढासळले आहेत. दर पावसाळ्यात ढासळतात, त्याला गणित लागत नाही. शेजाऱ्याचा बांध यादीतल्या बिंदूंप्रमाणे टिपणाशी जुळत होता. सरकारी मोजणीतही हद्दी तशाच निघाल्या, आणि उत्तरेच्या बाजूचे शेजारी काका, ज्यांच्यावर आमच्या घराने एवढी वर्षं संशय घेतला, त्यांनी सहीसाठी पेन मागितलं तेव्हा नानांनी स्वतःचं काढून दिलं.

वाटणीचं गणित राहिलंच होतं. तिन्ही हिश्शांना रस्ता आणि नाला दोन्ही मिळायला हवेत, म्हणून पट्टे पूर्व-पश्चिम पाडायचे. बापू म्हणाले, रस्त्यावर सारखे तीन भाग करा, साधारण चौसष्ट-चौसष्ट मीटर, विषय संपला. गावात असंच होतं. पण आमचं वावर दक्षिणेकडे रुंद होत जातं. रस्त्यावर सारखे तीन तुकडे पाडले तर उत्तरेच्या पट्ट्यात ९३ गुंठे येतात आणि दक्षिणेच्या पट्ट्यात १२२. ऐकल्यावर बापू गप्प झाले, कारण चिठ्ठी कुणाची कुठे निघेल ते कुणाला ठाऊक नव्हतं.

समलंब चौकोन समांतर रेषेने समान क्षेत्रात तोडायचा असेल तर रुंद्यांची सरासरी चालत नाही, रुंद्यांच्या वर्गांची चालते. बाक विसरून आधी तसंच केलं. उत्तरेची रुंदी साडेतेरा साखळ्या, दक्षिणेची साडेवीस. त्यांचे वर्ग १८२.२५ आणि ४२०.२५. पहिल्या तोडीला दोन भाग उत्तरेचा वर्ग, एक भाग दक्षिणेचा, भागिले तीन, वर्गमूळ: १६.१७ साखळ्या. दुसऱ्या तोडीला उलटं: १८.४६. रुंदी कळली की रस्त्यावरचं अंतर त्रैराशिकाने निघतं. उत्तरेच्या कोपऱ्यापासून ७३ मीटर आणि १३५.५ मीटर. मग नाल्याचा बाक धरून वर्गसमीकरणं सोडवली तर पहिली तोड हललीच नाही आणि दुसरी वीस सेंटिमीटर सरकली. वर्गसमीकरण कुठे उपयोगी पडतं, असं दरवर्षी कुणी तरी पोरगं विचारतं. आता माझ्याकडे उत्तर आहे, पण ते ऐकून कुणी खूश होईल असं वाटत नाही.

आप्पांना आकडे पाठवले तर त्यांनी साखळी-आण्यांत करून परत पाठवले: उत्तरेचा पट्टा ७-४, मधला ६-४, दक्षिणेचा ५-८. बेरीज १९-०. इतकं स्वच्छ बसलेलं पाहून मला वाटलं त्यांनी ओढूनताणून बसवलं असेल, म्हणून तपासलं. नव्हतं बसवलेलं. आण्याच्या आत बरोबर होतं.

दक्षिणेच्या हिश्शाला रस्ता कमी, ५५ मीटरच. उद्या रस्त्याकडेला भाव आला तर काय, हा प्रश्न नानांनी काढला आणि तो रास्त होता. क्षेत्र समान करायचं की किंमत समान, हे गणित सांगत नाही. बरीच चर्चा झाली. शेवटी क्षेत्र समान धरायचं आणि विहीर, जी मधल्या पट्ट्यात आहे, तिच्या पाण्याच्या पाळीत दक्षिणेला पहिला मान, असं ठरलं. चिठ्ठ्या नानांच्या नातीने उचलल्या. उत्तरेचा पट्टा आम्हाला, मधला बापूंना, दक्षिणेचा नानांना.

जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज गेला, पोटहिस्सा मोजणी झाली, फाळणीचा नकाशा आला. ३.२५ ला तीनने भाग जात नाही. आरपर्यंतच लिहायचं तर १.०८, १.०८ आणि १.०९, आणि त्या एका आरवरून नवं भांडण उभं राहिलं असतं. चौरस मीटरचा रकाना आहे म्हणून बचावलो: १.०८.३३ दोघांना, १.०८.३४ एकाला. तो एक चौरस मीटर नानांनी आईला दिला, "तुम्ही घ्या" म्हणून, आणि सगळे हसले. आकारही फोडला. पूर्ण वावराचा शेतसारा दहा रुपये पाच पैसे, प्रत्येकी तीन रुपये पस्तीस पैसे. ज्या साऱ्यापायी १८५२ मध्ये दंगे झाले, त्याचा हा आजचा आकडा.

नकाशावरच्या रेषेला जाडी नसते, बांधाला असते, हे पहिल्यांदा बापूंच्या लक्षात आलं. दोन नवे बांध घालायचे, एक १६१ मीटर लांब, दुसरा १८५. दोन फूट रुंद धरले तरी दोन्ही मिळून २११ चौरस मीटर, दोन गुंठे. बांध निम्मा इकडचा, निम्मा तिकडचा. म्हणजे नानांचा अर्धा गुंठा जाणार, आमचा अर्ध्याला थोडा कमी, आणि मधल्या बापूंचा पूर्ण एक. त्यांनी मला फोन केला आणि हिशोब स्वतःच सांगितला, माझ्या आधी काढलेला. मी तपासून बरोबर आहे म्हटलं. तेव्हा बांध घालायचेच नाहीत असं ठरलं. दोन्ही तोडींवर हद्दीचे दगड रोवले, आणि दगडांच्या सरळ रेषेत तुरीचं एकेक तास पेरलं. तुरीच्या शेंगा कुणी तोडायच्या, ते दोन्ही काकू आणि आई आपसात बघून घेतील, त्यांनी मला त्यात पडू नकोस म्हणून आधीच सांगून ठेवलंय.